जागा तीच, कारणे नवी : सियांगवरील प्रस्तावित धरण

सियांग अप्पर बहुउद्देशीय प्रकल्प हा अरुणाचल प्रदेशात सियांग नदीवर प्रस्तावित असलेला, देशातला आजवरचा सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प आहे. एनएचपीसी या केंद्र सरकारच्या जलविद्युत कंपनीने मांडलेल्या आराखड्यानुसार त्याची क्षमता ११,००० मेगावॅटच्या घरात, जलाशयाची साठवण सुमारे ९.२ अब्ज घनमीटर आणि खर्च एक लाख कोटी रुपयांहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या मापात सांगायचे तर वीज कोयनेच्या साडेपाच पट आणि पाणी कोयनेच्या शिवसागराच्या सुमारे तिप्पट. भिंतीसाठी उगेंग, दिते दिमे आणि परोंग ही तीन ठिकाणे विचारात घेतली गेली. यांपैकी एकाही ठिकाणी भिंतीचा दगड बसलेला नाही. तरीही खोऱ्यात निमलष्करी दले पोहोचली आहेत, गावे एकमेकांपासून दुरावली आहेत आणि म्हाताऱ्या स्त्रियासुद्धा रात्रीच्या पहाऱ्याला बसल्या आहेत. भांडण अजून धरणाचे नाही. धरण बांधता येईल का हे तपासण्यासाठी खडकात जी भोके पाडायची आहेत, त्यांचे आहे.

सियांग म्हणजे ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह. कैलासाच्या बाजूला उगम पावून ही नदी यारलुंग त्सांगपो या नावाने तिबेटच्या पठारावरून पूर्वेकडे जाते. ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवा शिखराला वळसा घालून ती दक्षिणेकडे वळते आणि जगातल्या सर्वांत खोल दऱ्यांपैकी एका दरीतून भारतात उतरते. गेलिंगजवळ सीमा ओलांडली की तिचे नाव सियांग होते. तुतिंग, यिंगकिओंग, बोलेंग, पांगिन अशी गावे मागे टाकत ती पासीघाटला सपाटीवर येते आणि आसामच्या सीमेत दिबांग व लोहित यांना भेटून ब्रह्मपुत्रा होते. जुन्या सरकारी कागदांत तिला दिहांग म्हटलेले सापडते. काठावरचे आदी लोक तिला ‘आने सियांग’ म्हणतात. आने म्हणजे आई.

त्सांगपो आणि सियांग ही एकच नदी आहे हे काठावरच्यांना ठाऊक होते. नकाशे काढणाऱ्यांना मात्र ते सिद्ध करायला कित्येक वर्षे लागली. १८८० मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याने सिक्कीमच्या किंथुप नावाच्या निरक्षर माणसाला एका लामासोबत तिबेटात पाठवले. खुणा केलेले ओंडके तिकडून नदीत सोडायचे आणि खाली आसामात ते वाहत येतात का हे पाहायचे, अशी योजना होती. सोबतच्या लामाने किंथुपला गुलाम म्हणून विकले. तिथून तो निसटला, एका मठात आश्रयाला राहिला, पाचशे ओंडके तयार केले, ल्हासापर्यंत पायपीट करून तारीख कळवणारे पत्र लिहवून घेतले आणि ठरल्या दिवसापासून रोज पन्नास ओंडके नदीत सोडले. पत्र पोहोचलेच नाही. ओंडके वाहत आले असतील त्या दहा दिवसांत खाली पाहणारे कोणी नव्हते. ज्याने नदीवर पाळत ठेवायची तो जागेवर नसणे ही या नदीच्या इतिहासातली जुनी गोष्ट आहे, आणि आजच्या प्रश्नाशी तिचा संबंध पुढे येईल.

या नदीवर मोठे धरण बांधायचा विचार चाळीस वर्षांहून जुना आहे. ब्रह्मपुत्रा मंडळाचा कायदा १९८० चा. आसामचे पूर आवरणे हे या मंडळाचे मुख्य काम. त्याने दिहांगवर एक प्रचंड धरण सुचवले, त्याची क्षमता २०,००० मेगावॅट मांडली गेली होती. अरुणाचलातली गावेच्या गावे आणि शहरे त्यात बुडणार होती, म्हणून राज्यातून विरोध झाला आणि पुढे एका धरणाऐवजी वरचे, मधले व खालचे असे तीन प्रकल्प आखले गेले. मे २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ५०,००० मेगावॅटचा जलविद्युत कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतरच्या दशकात अरुणाचल सरकारने सरकारी आणि खासगी कंपन्यांशी शंभरावर सामंजस्य करार (एमओयू) केले. नदीचा अभ्यास होण्याआधी कंपन्यांकडून आगाऊ रकमाही घेतल्या. तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी या लाटेला ‘एमओयू विषाणू’ म्हटले होते. यातले बहुतेक करार कागदावरच राहिले. मग चीनने त्सांगपोच्या मोठ्या वळणावर धरणांची तयारी सुरू केली, तसे सियांगच्या धरणाला पुन्हा एकत्रित आणि अवाढव्य रूप आले. आता कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते.

आधी पूर, मग वीज, मग चीन. प्रत्येक कारण आपापल्या जागी खरे आहे. आसामात पूर येतात, देशाला वीज लागते, चीन धरण बांधतो आहे. पण कारण तीनदा बदलूनही बुडणारे खोरे तेच राहिले आहे, आणि कारण बदलल्यावर धरणाची रचनाही बदलावी लागते याकडे सार्वजनिक चर्चेत फारसे कोणी लक्ष देत नाही. पूर अडवायचा तर पावसाळ्यात जलाशय रिकामा हवा. वीज काढायची तर तो भरलेला हवा, कारण पाण्याची उंची हीच वीज. वरून चीनने अचानक सोडलेले पाणी झेलायचे तर जलाशयात कायम मोकळी जागा ठेवावी लागेल, आणि चीनने उन्हाळ्यात पाणी अडवले तर वापरता यावे म्हणून साठाही करून ठेवावा लागेल. एकाच भांड्याकडून एकाच वेळी रिकामे आणि भरलेले राहण्याची ही अपेक्षा आहे. हिशेब साधा आहे. पावसाळ्यात सेकंदाला १०,००० घनमीटर पाणी येणे सियांगला नवे नाही. या वेगाने ९.२ अब्ज घनमीटरचा संपूर्ण रिकामा जलाशय अकरा दिवसांच्या आत भरतो. तो आधीच निम्मा भरलेला असेल तर पाच-सहा दिवसांत.

बुडणार काय, याचे उत्तर भिंत कुठे उभी राहते आणि किती उंच होते यावर ठरेल. अप्पर सियांग जिल्ह्याचे मुख्यालय यिंगकिओंग बुडीत क्षेत्रात येईल, असे आतापर्यंतच्या चर्चेत सातत्याने सांगितले गेले आहे. बाधित गावांचे आकडे सरकारचे वेगळे आहेत आणि विरोध करणाऱ्या संघटनांचे वेगळे, त्यांत कित्येक पटींचा फरक आहे. बाधित कोणाला म्हणायचे, तिथूनच हा फरक सुरू होतो. घर पाण्याखाली गेले तर माणूस बाधित, हे दोघांनाही मान्य आहे. घर वर राहिले आणि शेत गेले तर? शेतही राहिले आणि शेताकडे जाणारा झुलता पूल, मासेमारीचा डोह, पलीकडच्या काठावरचे कुळाचे रान गेले तर?

अशा अरुंद दरीत सपाट जमीन फार थोडी असते, आणि जी असते ती नदीलगतच्या पायऱ्यांवर असते. आदींची पाणभाताची खाचरे तिथे आहेत. संत्र्यांच्या बागा, केळी, मोठी वेलची उतारावर आहेत, त्यावर झूम म्हणजे फिरती शेती, आणि त्याही वर शिकारीचे व कंदमुळांचे रान. जलाशय खालून वर चढतो. त्यामुळे तो पहिल्यांदा घेतो ती भाताची जमीन. उरलेल्या उतारावर सगळ्यांना सामावायचे तर झूमचे चक्र आखूड करावे लागते. जमिनीला विश्रांतीची वर्षे कमी मिळतात, माती झिजते आणि रान कमी होते. म्हणजे ज्याची एक गुंठाही जमीन बुडाली नाही त्याचीसुद्धा शेती बिघडते. नुकसानभरपाईच्या तक्त्यात या बिघाडाला रकाना नाही.

जमिनीच्या मालकीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला सातबारा डोळ्यांसमोर ठेवून विचार करायची सवय असते. सियांगच्या खोऱ्यात बहुतेक जमीन कुळाची आणि गावाची आहे, तिच्या सीमा ओढे, दगड आणि जुनी झाडे सांगतात, आणि वाद झाला तर केबांग ही ग्रामसभा बसते. ब्रिटिश काळापासून गाव बुढा हा सरकारमान्य गावप्रमुख केबांगमध्ये बसत आला आहे, पण निर्णय चर्चेतून, कधीकधी कित्येक दिवस चालणाऱ्या चर्चेतून होतो. १९४७ च्या झूमभूमी नियमनाने या वहिवाटीच्या हक्कांना मान्यता दिली आहे. तरी जमीन संपादित करायची वेळ आली की कागद व्यक्तीच्या नावाने निघतो आणि धनादेशही व्यक्तीच्या नावाने निघतो. कुळाची जमीन अशी एकेकट्याच्या खात्यात वाटली गेली की भाऊबंदकी सुरू होते. पड टाकलेले झूमचे रान सरकारी नजरेला मोकळे जंगल वाटते. ते मोकळे नाही, पाळीची वाट पाहत पडून आहे.

आदींची समाजरचनाही या जमिनीशी बांधलेली आहे. सप्टेंबरातला सोलुंग हा पिकाचा सण. त्यात स्त्रिया फेर धरून पोनुंग नाचतात आणि मिरी हा गाणारा पुरोहित आबांग म्हणजे मौखिक परंपरेतली दीर्घ कथनगीते गातो. डोन्यी-पोलो, म्हणजे सूर्य आणि चंद्र, ही त्यांची श्रद्धा. या समाजाला देवळे मागाहून मिळाली. त्यापूर्वी डोंगर, डोह आणि नदी हीच पूजास्थाने होती. मूर्ती हलवता येते, डोह हलवता येत नाही.

लोकसंख्येचाही मुद्दा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अप्पर सियांग जिल्ह्यात सुमारे ३५ हजार माणसे राहत होती. इतक्या विरळ वस्तीत दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या बांधकामासाठी बाहेरून हजारो कामगार, कंत्राटदार आणि सुरक्षारक्षक आले तर बाजारभाव, भाषा, निवडणुका, मुलींची सुरक्षितता या सगळ्यांवर ताण येतो. अरुणाचलात प्रवेशासाठी आजही इनर लाइन परवाना लागतो. तो आज ज्या नाजूकपणाच्या जाणिवेतून राखला जातो, तिच्या अगदी उलट दिशेला हा प्रकल्प जातो. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगायला हवे. राष्ट्रीय धोरणानुसार प्रकल्पातली १२ टक्के वीज राज्याला मोफत मिळते, आणखी थोडा हिस्सा स्थानिक विकासासाठी राखला जातो, रस्ते होतात, रुग्णालये येतात. रस्त्याअभावी आजारी माणसाला पाठीवर घेऊन उतरलेल्या गावांना हे आमिष वाटत नाही, गरज वाटते. म्हणूनच २०२५ मध्ये काही गावांनी सर्वेक्षणाला संमती देणारे करार केले. रस्ता आणि रुग्णालय हे नागरिकाचे हक्क आहेत. ते धरणाच्या मोबदल्यात देऊ करणे हा अन्याय आहे, आणि त्याचा दोष संमती देणाऱ्या गावकऱ्यांकडे जात नाही.

खोऱ्याची जैविक संपत्ती अजून पुरती मोजलेलीही नाही. मौलिंग राष्ट्रीय उद्यान याच परिसरात आहे आणि १९९८ मध्ये घोषित झालेले दिहांग-दिबांग जीवावरण राखीव क्षेत्र पाच हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. उष्ण कटिबंधातल्या सदाहरित रानापासून बर्फाच्या रेषेपर्यंत इतक्या थोड्या अंतरात चढत जाणाऱ्या जागा पृथ्वीवर फार नाहीत. १९११-१२ मध्ये ब्रिटिशांनी आदींवर लष्करी मोहीम काढली. तिच्यासोबत गेलेले प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केम्प यांना तिथे टायफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनी नावाचा मखमली अंगाचा, गोगलगाय आणि गोम यांच्यामधला वाटावा असा प्राणी सापडला. कोट्यवधी वर्षांत फारसा न बदललेल्या गटातला हा जीव त्यानंतर कोणालाच दिसला नाही. बंगळूरच्या एट्री संस्थेच्या संशोधकांनी सियांगच्या खोऱ्यात तो पुन्हा शोधून काढला, तेव्हा १११ वर्षे झाली होती. एका प्राण्याला दुसऱ्यांदा दिसायला शतक लागते अशा रानाचा पर्यावरण आघात अहवाल तीन ऋतूंच्या पाहणीत पूर्ण होतो, असे मानायला धाडस लागते.

त्या प्राण्याच्या नावातला विल्यमसन म्हणजे नोएल विल्यमसन, मार्च १९११ मध्ये सियांगकाठच्या कोमसिंग गावात मारला गेलेला ब्रिटिश अधिकारी. त्याचा सूड म्हणून ती मोहीम निघाली, गावे जाळली गेली आणि मातमुर जामोह या आदी पुढाऱ्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. न विचारता आत येणाऱ्या सरकारी माणसाविषयीची या खोऱ्यातली आठवण तेव्हापासूनची आहे.

नदीतल्या जिवांकडे वळू. सोनेरी महासीर पावसाळ्यात अंडी घालायला वरच्या उपनद्यांत चढतो. शेकडो मीटर उंच भिंतीला माशांची शिडी लावता येत नाही. भिंतीच्या वरचा वाहता प्रवाह संथ, खोल तळे होतो. थंड, वेगवान, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात जगणाऱ्या माशांना त्यात राहता येत नाही. पासीघाटच्या खाली सियांगच्या फाट्यांमधल्या बेटांवर दएरिंग स्मृती अभयारण्य आहे. १९० चौरस किलोमीटरच्या त्या उंच गवताच्या कुरणांत अत्यंत दुर्मीळ झालेला बंगाल फ्लोरिकन हा तणमोरासारखा पक्षी घरटी करतो, तीही जमिनीवर. कोरड्या महिन्यांत नदी आटते आणि ही कुरणे मोकळी होतात. जलविद्युत प्रकल्प याच महिन्यांत पाणी दिवसभर साठवून संध्याकाळी विजेची मागणी वाढली की सोडतो. रोज काही तास जवळजवळ कोरडी नदी आणि मग काही तास पूर, असा खेळ सुरू झाला की जमिनीवरचे घरटे, वाळूवर अंडी घालणारे कासव आणि पाण्यातल्या डॉल्फिनचा डोह यांपैकी काहीही सुरक्षित राहत नाही.

माणसेही सुरक्षित राहत नाहीत. अरुणाचलातल्या ४०५ मेगावॅटच्या रंगानदी प्रकल्पाखालच्या गावांना २००६ मध्ये सूचना मिळाली होती की पाणी केव्हाही सोडले जाईल, नदीत उतरू नये. ज्यांचे पिणे, धुणे, मासे, गुरांचे पाणी सगळे नदीत, त्यांना नदीत उतरू नका असे सांगितले गेले. २,००० मेगावॅटच्या लोअर सुबनसिरी प्रकल्पाचे काम खालच्या अंगाला होणाऱ्या परिणामांच्या भीतीने पेटलेल्या आसामातल्या आंदोलनामुळे डिसेंबर २०११ पासून जवळजवळ आठ वर्षे बंद राहिले. काम पुन्हा सुरू झाल्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये दरड कोसळून वळणबोगदा बुजला आणि खालची सुबनसिरी पाहता पाहता ओसरून नदीचे पात्र उघडे पडले. त्या दिवशी किनाऱ्यावर लोक तडफडणारे मासे वेचत होते. पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेने २०१० मध्ये आरण्यक आणि अ‍ॅक्शनएड यांच्यासोबत ईशान्येतल्या धरणांवर जी माहितीपुस्तिका काढली, तिने खालच्या अंगाच्या परिणामांकडे होणाऱ्या दुर्लक्षावर बोट ठेवले होते.

गाळाचा प्रश्न यात सर्वांत कमी बोलला जातो आणि दूरवर पोहोचतो. नामचा बरवाचा परिसर जगातल्या सर्वांत वेगाने झिजणाऱ्या डोंगरांपैकी आहे. ब्रह्मपुत्रा जो अफाट गाळ वाहून नेते त्याचा फार मोठा भाग तिथून, सियांगच्या वाटेने येतो. आसामची शेतजमीन, माजुलीसारखी बेटे, बांगलादेशातली ‘चर’ नावाची नदीपात्रातली बेटे आणि समुद्राला अडवून धरणारा त्रिभुज प्रदेश या गाळाचे बनले आहेत. धरण गाळ अडवते. त्यामुळे एकीकडे जलाशय भरत जाऊन त्याचे आयुष्य घटते. दुसरीकडे, गाळ टाकून हलके झालेले पाणी खाली काठ अधिक जोराने कुरतडते. माजुलीचे काठ आधीच दरवर्षी ढासळत आहेत. तिथल्या रहिवाशांत मिसिंग लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे पूर्वज आदींच्याच डोंगरातून खाली उतरले, भाषा आदींच्या भाषेची बहीण आहे, घरे पुराच्या पाण्यावर उभी राहतील अशी खांबांवरची चांगघरे आहेत. पुराबरोबर जगायचे तंत्र त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या साधले. ते तंत्र पावसाच्या लयीवर बसवलेले आहे. कळ दाबून सोडलेल्या पाण्याला ती लय नसते.

आता जमिनीखालचा धोका. १५ ऑगस्ट १९५० रोजी संध्याकाळी या भागात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी तो एक. डोंगरच्या डोंगर खचून नद्यांत आले, सुबनसिरीसारख्या नद्या काही दिवस अडल्या आणि मग ते बांध फुटून पुराच्या लाटा खाली गेल्या. दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळ गाळाने काही मीटर वर आला, सदिया हे जुने गाव नदीने खाल्ले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप मराठी वाचकांना आठवत असतो, त्यामुळे धरणामुळे भूकंप होतो का हा प्रश्न लगेच पुढे येतो. सियांगच्या बाबतीत तो दुय्यम आहे. इथे भूकंप धरणाची वाट पाहत नाहीत. प्रश्न असा आहे की १९५० सारखा धक्का पुन्हा बसला आणि भिंत टिकली, असे धरले तरी जलाशयात कोसळणाऱ्या डोंगरांचे आणि त्यांनी उसळवलेल्या पाण्याचे काय होईल.

त्यासाठी १९५० पर्यंतही जावे लागत नाही. एप्रिल २००० मध्ये तिबेटात त्सांगपोच्या खोऱ्यातल्या यिगोंग नदीवर प्रचंड दरड कोसळून तलाव तयार झाला. १० जूनला तो फुटला. पाण्याची भिंत तुतिंग, यिंगकिओंग, पासीघाटवरून गेली, पूल वाहून गेले, सुमारे तीस माणसे दगावली आणि पन्नास हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. वर पाणी दोन महिने साठत असताना खाली कोणालाही कळवले गेले नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नामचा बरवाजवळ भूकंप झाला आणि सियांगचे पाणी कित्येक आठवडे काळसर, गढूळ वाहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोनदा दरडीने त्सांगपो अडली. आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटला, तेव्हा १,२०० मेगावॅटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे चुंगथांगचे धरण काही मिनिटांत वाहून गेले. धरणात साठलेल्या पाण्याने त्या पुराचा जोर आणखी वाढवला. हिमालयात धरण हे नेहमी ढाल ठरत नाही हे सांगणारा इतका ताजा पुरावा समोर आहे.

चीनविषयीची भीती खोटी नाही. मार्च २०२१ मधल्या चौदाव्या पंचवार्षिक योजनेत चीनने त्सांगपोच्या खालच्या टप्प्यावरच्या जलविद्युत प्रकल्पाचा समावेश केला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि १९ जुलै २०२५ रोजी पंतप्रधान ली छ्यांग यांच्या उपस्थितीत कामाची सुरुवात केली. पाच टप्प्यांची वीजकेंद्रे, १.२ लाख कोटी युआन खर्च, वर्षाला ३०० अब्ज युनिट वीज, म्हणजे यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेसच्या सुमारे तिप्पट. अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी त्याला ‘पाण्याचा बॉम्ब’ म्हटले आहे. चिनी प्रकल्प मुख्यत्वे बोगद्यांतून पाणी वळवून मोठ्या उतारावरून सोडण्याचा आहे, त्याची साठवण आणि चालवण्याचे नियम उघड झालेले नाहीत, आणि ती गुप्तता हाच खरा धोका आहे. भारत आणि चीन यांच्यात पाणीवाटपाचा करार नाही. २००० च्या पुरानंतर, २००२ मध्ये, पावसाळ्यातली जलमाहिती देण्याचा समझोता झाला होता. २०१७ मध्ये डोकलामच्या तणावात ती माहिती आली नाही, आणि २०२३ मध्ये समझोत्याची मुदत संपली. १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह कराराविरुद्ध चीनने मत दिले आणि भारत तटस्थ राहिला, त्यामुळे त्याचाही आधार नाही. पाचशे ओंडके वाहत आले आणि काठावर कोणी नव्हते, ती अवस्था आज उपग्रहांच्या काळातही फार बदललेली नाही. वरच्या बाजूची खबर वेळेवर मिळणे हे खोऱ्यातल्या जिवांचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. पूरमापक केंद्रे, उपग्रहावरून दरडींवर नजर, गावागावात भोंगे, उंचावरच्या निवाऱ्याच्या जागा, यांतल्या कशालाही खोरे बुडवावे लागत नाही. धरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे माहीत नाही असे नाही, पण या कामांची चर्चा धरणाच्या चर्चेच्या दशांशानेही होत नाही.

पाण्याच्या धमकीचा हिशेबही तपासायला हवा. तिबेटच्या पठारावर पाऊस कमी पडतो. मोठ्या वळणानंतर आणि मुख्यतः हिमालयाच्या दक्षिण उतारावर मॉन्सूनचा प्रचंड पाऊस या नदीला मिळतो. त्यामुळे चीनने पाणी तोडले तर ब्रह्मपुत्रा कोरडी पडेल ही भीती अतिरंजित आहे. कोरड्या महिन्यांत, आणि सीमेलगतच्या खोऱ्यात, परिणाम जाणवेल हे खरे. पण त्याच कोरड्या महिन्यांत भारताचे स्वतःचे धरण पाणी दिवसा अडवून संध्याकाळी सोडणार आहे.

सर्वेक्षणावरून झालेल्या संघर्षाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. सियांग इंडिजिनस फार्मर्स फोरम ही शेतकऱ्यांची संघटना आणि अनेक केबांग यांचे म्हणणे आहे की पूर्व-व्यवहार्यता अहवाल, ज्याला खोऱ्यात सगळे पीएफआर म्हणतात, ही धरणाची पहिली पायरी आहे. सरकार म्हणते, हा फक्त अभ्यास आहे, संमतीशिवाय धरण होणार नाही. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री इटानगरला आले असताना निवेदन देऊ पाहणाऱ्या कार्यकर्त्यांना ताब्यात घेण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वेक्षणाच्या संरक्षणासाठी केंद्रीय सशस्त्र दले नेमण्याचा आदेश निघाला. मे २०२५ मध्ये ती दले आणि यंत्रे बेगिंग गावाजवळ पोहोचली, तेव्हा लोक मोठ्या संख्येने जमले आणि काम थांबले. ‘फक्त अभ्यास’ बंदुकीच्या सावलीत करावा लागत असेल तर त्याला अभ्यास म्हणणे खोऱ्यातल्या माणसाला पटणार नाही, आणि त्याची शंका निराधार नाही. शेजारच्या दिबांग प्रकल्पाची कोनशिला ३१ जानेवारी २००८ रोजी बसली, तेव्हा जनसुनावणी आणि पर्यावरण मंजुरी दोन्ही व्हायच्या होत्या. त्या प्रकल्पाची जंगलाची परवानगी दोनदा नाकारली गेली आणि भिंतीची उंची दहा मीटरने कमी करून तिसऱ्या फेरीत दिली गेली.

महाराष्ट्रात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडून गेली आहे. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांना टाटांच्या वीज प्रकल्पाची चाहूल लागली ती शेतात चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागल्यावर. एप्रिल १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले, आणि धरण झालेच. कोयनेचे विस्थापित रायगड, ठाणे, सांगलीपर्यंत विखुरले. त्यांच्या तिसऱ्या पिढीची जमिनीची प्रकरणे अजून कचेऱ्यांत आहेत. १९७६ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा पुनर्वसनाचा कायदा केला, तो या अनुभवातून. सियांगच्या खोऱ्यात पर्यायी जमीन द्यायची म्हटले तरी ती आहे कुठे? दरीच्या दोन्ही बाजूंचे प्रत्येक रान कुठल्या ना कुठल्या कुळाचे आहे. एकाला वसवायचे म्हणजे दुसऱ्याला हलवायचे.

पुढचा क्रम कायद्याने ठरलेला आहे. पीएफआरनंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, त्यासोबत पर्यावरण आणि सामाजिक आघाताचे अभ्यास, मग २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी, जंगलाची परवानगी आणि २०१३ च्या कायद्यानुसार भूसंपादन. केंद्रीय जल आयोगाच्या पुढाकाराने झालेल्या सियांग खोऱ्याच्या अभ्यासात चाळीसहून अधिक प्रकल्पांचा एकत्र विचार झाला होता. अप्पर सियांगचा वेगळा अभ्यास त्यांच्यापासून तोडून केला तर नदीवर एकूण काय होईल ते कळणार नाही. जनसुनावणीचा नियम सांगतो की ती प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ, जिल्हावार घ्यायची. सियांग आणि अप्पर सियांग जिल्ह्यांतली गावे त्या मांडवात येतील. पासीघाटखालची बेटे, धेमाजी जिल्ह्याचा काठ आणि माजुलीची मिसिंग गावे दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यापर्यंत सुनावणीची नोटीस पोहोचवण्याची सक्ती आजच्या नियमांत नाही.